उशिराचं कारण

"कोड देणार नाही," मुळीक काका म्हणाले. "काम झालेलं नसताना कोड कशाला मागता?"

मी शिडीवरून उतरत होतो. उतरलो आणि मुकाट्यानं त्यांच्या अंगणातल्या कट्ट्यावर बसलो. आठ दिवसांतली ही माझी तिसरी खेप, आणि तिन्ही खेपांना त्यांचं वाक्य तेच. सकाळचे साडेदहा झाले होते, ऊन तापायला लागलं होतं आणि माझ्या नावावर अजून अकरा घरं बाकी होती.

"काका, खांबापासून वायर नवीन टाकली. जोड नवीन मारला. हॉलमधला वायफायचा डबा बदलून दिला. आता अजून काय करू, तुम्हीच सांगा."

"ते मी कसं सांगणार? गाडी तुमची, इंजिन तुमचं. मी एवढंच सांगतो, की ती उशिरा येते."

तेव्हा मी कराडला एका केबलवाल्याकडे इंटरनेटच्या तक्रारी बघायचो. आता ते काम सोडूनही सहा-सात वर्षं झाली. तक्रार नोंदवली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडी कोड यायचा. दुरुस्ती पटली की त्यानं तो आम्हाला सांगायचा, आम्ही तो कंपनीच्या अ‍ॅपमध्ये टाकायचा, मगच तक्रार बंद. तोपर्यंत ती आमच्या नावासमोर लाल रंगात दिसत राहायची. बाकीची माणसं शिडी खांबाला टेकायच्या आतच कोड सांगून मोकळी व्हायची. मुळीक काका पडले एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी किती वाजता आली, किती उशीर झाला, कशामुळे झाला, हे एकतीस वर्षं रजिस्टरात लिहिलेला माणूस. मोठमोठ्या साहेबांना त्यांच्याकडून पाच मिनिटं इकडची तिकडे करून मिळाली नव्हती, तर मी कोण लागून गेलो?

तेवढ्यात ऑफिसातून परवीन मॅडमचा फोन आलाच. तक्रारींचा हिशोब त्यांच्याकडे असायचा.

"घोलप, मुळीकांची तक्रार अजून लालच दिसतीय."

"लाइन चांगली आहे हो मॅडम. म्हातारा ऐकत नाही."

"मग जरा गोडीगुलाबीनं घ्या की."

"गोडी संपली, गुलाबी संपली. तिसरी खेप आहे."

"ते मला नका सांगू. आज बंद झाली नाही तर साहेब तुम्हालाच विचारणार," म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मान वर केली तर काका समोरच उभे. अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि मनगटावर काट्यांचं घड्याळ.

"म्हातारा आहे ते खरंय," ते म्हणाले. "ऐकत नाही, हे मात्र खोटं. ऐकतो, म्हणून तर उशीर कळतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा काका," म्हटलं. "दमलोय."

"दिसतंय ते. आत या, पाणी प्या. आणि एक सांगू का? तुम्ही तिन्ही वेळा हॉलमध्येच तपासलंत. मी बोलतो मागं, स्वयंपाकघरात. तिथं एकदाही आला नाहीत."

खरं होतं. पाहुणे हॉलमध्ये बसतात, डबा हॉलमध्ये असतो, म्हणून आम्हीही हॉलमध्येच तपासायचो आणि आकडा चांगला आला की पाय काढायचो. दिवसाला चौदा घरं करणाऱ्या माणसाला कोणाच्या स्वयंपाकघरात डोकवायला कुठं सवड असते?

स्वयंपाकघर लहानसंच होतं, पण लख्ख. टेबलावर पोह्यांच्या डब्याला टेकवून एक मोबाइल उभा केलेला होता. त्याच्या पडद्यावर दुसरंच एक स्वयंपाकघर दिसत होतं: काळा ओटा, गॅसवर कुकर, भिंतीवर मुलांच्या शाळेचं कॅलेंडर. माणूस कोणी नव्हतं.

"हे काय चालू आहे?" मी विचारलं.

"पुणं," काका म्हणाले. "सकाळी नवाला लेक-जावई कामावर गेले की ती फोन लावून ओट्याशी ठेवते. संध्याकाळी ते आले की बंद. बोलतोच असं नाही. ती तिचं करते, मी माझं करतो. पण असतो."

ती म्हणजे शालनकाकू. दीड वर्षापूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनला म्हणून लेकीकडे, सुवर्णाकडे गेल्या होत्या. दोन महिन्यांनी यायच्या होत्या. पण कराडच्या घराला सहा पायऱ्या, पुण्यात लिफ्ट. मग डॉक्टर म्हणाले राहू दे, लेक म्हणाली राहू दे, आणि त्या राहिल्या. काका इकडेच राहिले.

"मग तुम्ही का नाही गेलात?" मी पाणी पिता पिता विचारलं.

"जावयाच्या घरी?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वावगं बोललो होतो. "आमच्या वडिलांनी लेक दिलेल्या घरी पाणीसुद्धा बेतानं प्यायलं. मी दोन रात्रींच्या वर कधी राहिलो नाही. जावई चांगला आहे हो, लाखात एक. पण लेकीच्या दारात बूड टेकून बसायचं म्हणजे... नको."

तेवढ्यात पुण्याच्या कुकरची शिट्टी झाली. काकांनी बोट उचललं. पुन्हा झाली, दुसरं बोट. तिसरी झाल्यावर ते फोनजवळ वाकून म्हणाले, "अगं शालन, तीन झाल्या. गॅस बंद कर."

पडद्यावर कोणी आलं नाही. चौथी शिट्टी झाली.

"शालन! चार झाल्या!"

मला वाटतं पाचवी अर्धी झाली असेल, तेव्हा एक गोऱ्या, ठेंगण्या बाई लंगडत आल्या. ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी कुकरकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि मग गॅस बंद केला.

"झाल्या होय?" त्या म्हणाल्या. "कळलंच नाही बघा."

काकांनी घड्याळ पाहिलं, टेबलावरची एक लांबट वही पुढं ओढली आणि त्यात काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बघितलंत? चौथी झाल्याचं मी सांगितलं कधी आणि तिला पोचलं कधी. अकरा सेकंद. आता सांगा, लाइन चांगली आहे?"

अकरा सेकंद उशीर करणारी लाइन मी तोवर पाहिली नव्हती. लाइन इतकी बिघडली तर ती तुटते, चित्र गोठतं, चेहऱ्याचे चौकोन होतात. इथं तर शिट्टीची वाफसुद्धा स्वच्छ दिसत होती.

काकांनी फोनवरचं आवाजाचं बटण बंद केलं, आमचं बोलणं तिकडे जाऊ नये म्हणून. आणि मग जे सांगितलं ते आठ दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नसावं.

"गेल्या आठवड्यात रविवारी लेकीचा फोन होता. म्हणाली, बाबा, आईचं विसरणं वाढलंय. काही विचारलं की नुसती बघत बसते. तुम्ही आता हट्ट सोडा आणि इकडे या. मी तिला म्हटलं, काही विसरत नाही ती. तुझ्या आईनं अख्ख्या भावकीचे वाढदिवस तोंडपाठ ठेवलेत. आपल्या लाइनीत खोट आहे. तिला आवाज उशिरा पोचतो, म्हणून ती उशिरा बोलते. लाइन दुरुस्त झाली की तुझं तुलाच कळेल." त्यांनी समोरची वही सरळ केली. "त्याच दिवशी तुमच्याकडे तक्रार नोंदवली."

"पण काका, त्या तर घरात समोरासमोर..."

"मला समजतंय तुम्ही काय म्हणताय ते," त्यांनी मला तोडलं. "पण सुवर्णा दिवसभर दमून येते. दमलेल्या माणसाला सगळेच संथ वाटतात. मी दिवसभर बघतोय तिला. तुम्ही नीट तपासा, घोलप. तुमच्या वायरीत निघालं तर फार बरं होईल."

आमच्या धंद्यात दोष सापडू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे असतात, कारण दोष सापडला की काम वाढतं. त्या दिवशी मात्र मला मनापासून वाटलं, की इथं काहीतरी सापडू दे. मोठं सापडू दे.

मी टेबलापाशी बसून माझ्या मोबाइलवर मोजणी लावली. ती साधी असते. इकडून एक हाक मारायची आणि पलीकडून ओ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. सेकंदाचे हजार भाग करून तो वेळ मोजतात. हॉलमध्ये आकडा येत होता आठ, कधी नऊ. इथं आला तीनशे चाळीस. पुन्हा लावली, तीनशे ऐंशी. मग दोनशे नव्वद. हा सेकंदाचा तिसरा हिस्साच होता, अकरा सेकंदांचा हिशोब त्यात बसत नव्हता; पण तेव्हा मला तो हिशोब करायचाच नव्हता.

"काका!" मी जवळजवळ ओरडलोच. "आहे! इथं उशीर आहे!"

काका लगबगीनं उठले. "आहे ना? मी म्हणत नव्हतो?"

आता घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधायचं होतं. हॉलमधला डबा चांगला, इथला आकडा वाईट, म्हणजे जे काही होतं ते दोन्हीच्या मधे होतं. मी भिंती बघितल्या, खिडकी बघितली, फ्रीजच्या मागं हात घातला. शेवटी खुर्चीवर चढलो, तर फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यांच्या मागं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक दुसराच डबा लुकलुकत होता.

"हा कोणाचा?"

"तो होय? गेल्या दिवाळीत जावयानं आणून बसवला. मागच्या खोलीत चित्र अडकायचं म्हणून. वर पिशवी मी घातली, फोडणीचा तेलकट धूर बसतो ना."

जावईबापूंनी त्याला हॉलमधल्या डब्याचंच नाव दिलं होतं. त्यामुळे मोबाइलच्या यादीत दोन डबे कधी दिसलेच नाहीत, आणि मी तिन्ही वेळा एकच समजून तपासत बसलो. हा जुनाट डबा हॉलमधल्या डब्याचं हवेतून घ्यायचा आणि पुन्हा हवेतूनच पुढं फेकायचा. वर पिशवीत घामाघूम होऊन बसलेला. बोललेला प्रत्येक शब्द त्याच्या दारात रांग लावून उभा राहत होता.

मी हे काकांना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे विनाथांबा गाडीला उगाच एक थांबा दिलेला."

"बरोबर."

"काढा मग तो थांबा!"

त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणून सांगू. त्यांनी स्वतः माझ्यासाठी स्टूल आणलं, हातोडी दिली, चहाचं आधण ठेवलं. मी तो डबा काढला, हॉलमधून वायर वाढवून घेतली आणि मुख्य डबाच स्वयंपाकघराच्या चौकटीवर बसवला. अर्धा-पाऊण तास गेला. खांदे भरून आले होते, पण कुरकुर करावीशी वाटली नाही. फोनवरचं पुणं तेवढ्या वेळापुरतं बंद झालं होतं आणि काका दर दोन मिनिटांनी काळ्या पडद्याकडे बघत होते.

डबा सुरू व्हायला जरा वेळ लागतो. सगळे दिवे हिरवे होईपर्यंत मी चहा घेत बसलो आणि समोरची वही सहज ओढली. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, वेळ, काय विचारलं, किती सेकंद. शेवटचा रकाना "कारण", आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा.

मला सवय होती. उशीर कोणत्या वेळी जास्त असतो ते आधी बघायचं. संध्याकाळी गल्लीतले सगळे बघायला बसतात तेव्हा असेल तर गर्दीचा, दुपारी असेल तर उन्हानं तापलेल्या डब्याचा. मी वेळांवरून बोट फिरवलं. काही मेळ बसेना. सव्वानऊला सात सेकंद होते आणि नऊ वीसला शून्य. मग माझं लक्ष मधल्या रकान्याकडे गेलं.

चहा झाला का, पाच. गोळी घेतलीस का, सात. उंब्रजच्या आत्याबाईंच्या मधल्या सुनेचं माहेर कुठलं, लगेच. सुवर्णा किती वाजता गेली, आठ. आपल्या लग्नात पंगतीत काय कमी पडलं होतं, लगेच, हसली. काल कोण आलं होतं, नऊ, "आठवत नाही" म्हणाली. पानंच्या पानं तेच होतं. जुनं विचारलं की उत्तर ताबडतोब. आजचं, कालचं विचारलं की उशीर.

मी वही मिटून होती तिथं ठेवली. वायरीला काय कळतं, की विचारलेलं आजचं आहे की चाळीस वर्षांपूर्वीचं?

"लागले का दिवे?" काकांनी विचारलं.

"लागले."

मोजणी लावली. नऊ. पुन्हा नऊ. मग आठ. मी आकडा काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"तीनशे चाळीसचे नऊ! शाबास! लावा आता पुणं."

फोन लागला. शालनकाकू खुर्ची ओढून ओट्यापाशी बसल्या होत्या. काकांनी वहीचं नवीन पान काढलं, रकाने आखले आणि घड्याळाचं मनगट टेबलावर आडवं ठेवलं.

"अगं, हे घोलप. आपली लाइन दुरुस्त करायला आलेत. बोल त्यांच्याशी."

"या हो," काकू म्हणाल्या. "चहा घेतलात का? की नुसतंच राबवून घेतायत तुम्हाला?"

"घेतला, काकू." मी म्हणालो. मला माहीत होतं काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही. "काकू, तुमचं माहेर कुठलं?"

"रेठरं."

"काकांची पहिली नेमणूक कुठं होती?"

"पाटणला. पत्र्याची खोली होती. पावसात पातेली मांडून बसायचो, आणि हे म्हणायचे, मोज गं, किती थेंब पडतात."

शब्द तोंडातून निघायचा अवकाश, की उत्तर समोर. काका आनंदानं लिहीत होते: लगेच, लगेच. "बघा!" ते म्हणाले. "बघा, झाली की नाही! आणि म्हणे विसरते. आता सुवर्णाला ऐकवतो संध्याकाळी."

तिथंच थांबायला हवं होतं. मी उठलो, पक्कड पिशवीत टाकली, म्हटलं, "चला काका, झालं तर मग. येऊ का?" कोड मागायचंही मला सुचलं नाही. पण काका नियंत्रक होते. अर्धीच तपासणी करून गाडी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"शालन," त्यांनी विचारलं, "आज सकाळी नाश्त्याला काय केलं होतंस?"

काकू काकांकडे बघत राहिल्या. चित्र गोठलं नव्हतं. त्यांच्या मागं पंखा फिरत होता, कॅलेंडराचं पान उडत होतं. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. तिथं धुऊन पालथी घातलेली कढई होती, तिच्यावरून काही कळतं का ते त्या बघत होत्या. काकांचं बोट घड्याळाच्या काट्याबरोबर टेबलावर हळूहळू वाजत होतं. पाच. सहा. सात. आठ.

"आपलं नेहमीचंच की," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

काकांनी आकडा लिहिला. मग आवाजाचं बटण बंद केलं. त्यांनी वही मागं मागं उलटायला सुरुवात केली. एकेका पानावर ते आधी सेकंद बघायचे, मग प्रश्न बघायचे. बऱ्याच पानांनंतर त्यांनी पेन "कारण"च्या रकान्यावर टेकवलं, आणि काही न लिहिता उचललं.

मला ते बघवेना. "काका," मी म्हणालो, "हे पुण्याकडचं असणार. त्यांच्या घरातला डबा खराब असेल. आपली बाजू झाली, त्यांची राहिली. मी तक्रार उघडीच ठेवतो. शनिवारी परत येतो, तिकडच्या माणसाशी बोलून..."

"घोलप." त्यांनी मान वर केली नाही. "स्टँडवर आम्ही काय करायचो माहीत आहे? एका मार्गावर सगळ्याच गाड्या उशिरा येत असतील तर रस्ता बघायला माणूस पाठवायचो. त्याच रस्त्यानं एक गाडी वेळेवर आणि दुसरी उशिरा येत असेल, तर रस्त्याला नावं ठेवायची नाहीत."

मी उभाच होतो. हातातली पिशवी खाली ठेवावी की खांद्याला लावावी, तेही कळत नव्हतं.

"तुमच्या वायरीत आता काही नाही ना?"

खोटं बोलणं मला जड नव्हतं. रोज दहा घरी बोलायचो, "उद्या नक्की येतो" म्हणून. पण ज्या माणसानं आठ दिवस सेकंद न सेकंद खरा लिहिला होता, त्याला खोटा आकडा सांगायला माझी जीभ रेटेना.

"नाही, काका," मी म्हटलं. "वायरीत काही नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून एक चिठोरी काढली आणि वाचून दाखवली, "सहा, एक, एक, आठ. लिहून घ्या. तुमची तक्रार बंद करा."

मी तो कोड टाकला. माझ्या यादीतली लाल ओळ हिरवी झाली. पुढच्याच मिनिटाला परवीन मॅडमचा आनंदी चेहरा असलेला संदेश आला. मी मोबाइल खिशात घातला.

काका उठले. त्यांनी भिंतीवरच्या कपाटातून एक हिरवी हातपिशवी काढली, झटकली आणि टेबलावर ठेवली. मग त्यात एक सदरा घडी करून घातला, गोळ्यांची पुडी टाकली, आणि ती वही टाकायला गेले तसे थबकले. वही बाहेरच ठेवली. मी विचारलं, "स्टँडवर सोडू का? गाडी आहे माझी." त्यांनी मानेनंच हो म्हटलं. दोनच रात्रींची पिशवी होती ती; तिच्यात अजून किती मावतं ते बघत ते क्षणभर उभे राहिले, मग कपाटातून आणखी तीन सदरे काढले आणि दाबून बसवले.

मग ते फोनपाशी आले आणि त्यांनी आवाज चालू केला. काकू तिथंच बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

"शालन," ते म्हणाले, "मी येतो गं तिकडे. तुझ्याकडे."

घड्याळाकडे मी पाहिलं नाही आणि काकांनीही पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नाही. एकशे साठ किलोमीटरवरून काकूंचं उत्तर त्यांच्या वाक्यामागोमाग आलं, कपाळाला जरासुद्धा आठी न घालता.

"या की मग. किती वेळ लावलात आज मंडईत! आणि येता येता कोथिंबिरीची जुडी आणा, वरण उतरवलंय, गरम आहे तोवर बसू."

काका फोनकडे बघत उभे राहिले. पलीकडे काकू वाट बघत होत्या. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"आणतो," काका म्हणाले.